पांढऱ्या मानेचा जॅकोबिन : एका हमिंगबर्डचे रूप, उपजाती आणि अधिवास

मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून बोलिव्हिया आणि ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यापर्यंत पसरलेल्या दमट, सखल अरण्यांत पांढऱ्या मानेचा जॅकोबिन नावाचा हमिंगबर्ड राहतो. इंग्रजीत त्याला व्हाइट-नेक्ड जॅकोबिन म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव फ्लोरिसुगा मेलिव्होरा असे आहे. तो दुर्मीळ नाही. पनामा, कोस्टा रिका, इक्वेडोर किंवा त्रिनिदादमध्ये पक्षी पाहायला गेलेल्या माणसाला तो बहुधा दिसतोच. तरीही त्याचे वर्णन लिहायला बसले की काम अवघड होते. निळे डोके आणि पांढरी शेपटी असलेला पक्षी नर, हिरवट पाठीचा आणि खवलेदार गळ्याचा पक्षी मादी, अशी सरळ विभागणी दीर्घकाळ केली गेली. प्रत्यक्षात निळ्या डोक्याच्या पक्ष्यांमध्ये माद्याही असतात, आणि त्या अपवादाने सापडणाऱ्या एखाद-दुसऱ्या नसतात. हा पक्षी कसा दिसतो हे नीट सांगायचे तर तो काय खातो, कुणाशी भांडतो आणि रानाच्या कोणत्या थरात वावरतो हेही सांगावे लागते, म्हणून या लेखात या गोष्टी एकमेकींपासून फार वेगळ्या काढलेल्या नाहीत.

मराठी वाचकासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. हमिंगबर्ड भारतात कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत व त्यांच्या आसपासच्या बेटांवर राहतात. आपल्या परसात जास्वंदीवर किंवा पळसावर येणारे चिमुकले, चकचकीत पक्षी म्हणजे शिंजीर, ज्यांना सूर्यपक्षीही म्हणतात. संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने रस पिणारा, भुंग्यासारखा गुणगुणणारा जीव दिसला, तर तो बहुधा हॉकमॉथ कुळातील पतंग असतो आणि त्याचीच चित्रफीत ‘हमिंगबर्ड आपल्या गावात’ म्हणून फिरत राहते. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचे नाते जवळचे नाही. शिंजीर हा चिमणीप्रमाणे पॅसेरीन म्हणजे गायक पक्ष्यांच्या मोठ्या गटातला आहे, तर हमिंगबर्डचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पाकोळ्या. मकरंदावर जगण्याची गरज दोन्ही गटांना स्वतंत्रपणे पडली, म्हणून बारीक चोच, नळीसारखी किंवा पन्हळीसारखी जीभ आणि धातूसारखी चमक ही साधर्म्ये दोघांत स्वतंत्रपणे निर्माण झाली.

आता पक्ष्याकडे येऊ. प्रौढ जॅकोबिनची लांबी सुमारे ११ ते १२ सेंटिमीटर आणि वजन साधारण ६ ते ९ ग्रॅम असते. म्हणजे तो आपल्या जांभळ्या शिंजिराच्या जवळपास, किंचित मोठा आहे. हमिंगबर्डमध्ये मात्र हा आकार लहान मानला जात नाही. २ ग्रॅमच्या आसपास वजनाच्या जाती या कुळात आहेत आणि त्यांच्या शेजारी जॅकोबिन चांगलाच दांडगा दिसतो. फुलांवरच्या भांडणात या वजनाचा त्याला उपयोग होतो.

नराचे डोके, गळा आणि छातीचा वरचा भाग गडद निळा असतो. पाठ झळाळत्या हिरव्या रंगाची, पोट स्वच्छ पांढरे आणि चोच काळी, सरळ, फारशी लांब नसलेली. मानेच्या मागच्या बाजूला, जिथे डोक्याचा निळा संपतो आणि पाठीचा हिरवा सुरू होतो, तिथे पांढऱ्या पिसांची रुंद चंद्रकोर असते. जातीच्या नावातली ‘पांढरी मान’ ती हीच. पक्षी समोरून पाहिला तर ही चंद्रकोर दिसत नाही. त्याने डोके खाली घालून फुलात चोच घातली किंवा आपल्याकडे पाठ फिरवली, की ती एकदम उठून दिसते. शेपटी जवळजवळ पूर्ण पांढरी असते आणि तिच्या टोकाला अरुंद काळी किनार असते. बसलेल्या पक्ष्याची शेपटी मिटलेली असताना तिचा पांढरेपणा फारसा जाणवत नाही, पण प्रतिस्पर्ध्यावर धावून जाताना नर ती पंख्यासारखी पसरतो. हिरव्यागार पानांच्या पार्श्वभूमीवर अशी उघडमीट होणारी शेपटी बऱ्याच अंतरावरून ओळखता येते, आणि माझ्या मते या पक्ष्याची खरी ओळख निळ्या डोक्यापेक्षा या शेपटीतच आहे, कारण निळा रंग प्रकाशावर अवलंबून असतो आणि पांढरा तसा नसतो.

निळा रंग प्रकाशावर अवलंबून असतो म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगायला हवे. या पक्ष्याच्या पिसांत निळे किंवा हिरवे रंगद्रव्य नसते. पिसाच्या अगदी बारीक तंतूंमध्ये मेलॅनिन या काळपट द्रव्याचे सूक्ष्म कण एकावर एक रचलेले असतात. हमिंगबर्डमध्ये हे कण चपटे असतात आणि त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात. प्रकाश या थरांवर पडला की प्रत्येक थरावरून त्याचा थोडा थोडा भाग परत फिरतो. परतलेल्या लहरींपैकी काही एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना पुसून टाकतात, आणि ज्या उरतात त्यांचा रंग आपल्याला दिसतो. थरांची जाडी आणि त्यांमधले अंतर बदलले की रंग बदलतो. त्यामुळे त्याच काळ्या द्रव्यापासून डोक्यावर निळा आणि पाठीवर हिरवा निर्माण होतो. मोराच्या पिसातली आणि शिंजिराच्या अंगावरची चमकही पिसांच्या अशाच सूक्ष्म रचनेतून येते, जरी कणांची ठेवण प्रत्येकात वेगळी असली तरी. याचा व्यवहारातला परिणाम असा, की दाट सावलीत बसलेल्या जॅकोबिनचे डोके जवळपास काळे दिसते आणि उन्हाची तिरीप पडली, त्याने मान जराशी वळवली, की तेच डोके झगझगीत निळे होते. पांढऱ्या पिसांत मेलॅनिनचे असे थर नसतात. ती सगळ्याच रंगांचा प्रकाश विखुरतात आणि कोणत्याही कोनातून पांढरीच राहतात.

मादीचे नेहमीचे रूप याहून बरेच सौम्य असते. तिची पाठ हिरवी असते, पण डोके निळे नसते आणि मानेवर चंद्रकोर नसते. गळा आणि छाती यांवरच्या प्रत्येक पिसाचा मधला भाग गडद हिरवट किंवा निळसर आणि कडा पांढुरकी असते, त्यामुळे तो सगळा भाग माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. पोट पांढरे. शेपटी हिरवी असून टोकाकडे गडद निळी होत जाते आणि बाहेरच्या पिसांची टोके पांढरी असतात. पिल्ले मोठी होऊन घरट्याबाहेर पडली की त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूंना, चोचीच्या मुळापासून गालाकडे, तांबूस-पिवळट पट्टा दिसू शकतो. पक्षी कोवळा आहे हे ओळखण्याची ती एक खूण आहे.

इथपर्यंतचे वर्णन इतर अनेक पक्ष्यांना लागू पडणाऱ्या चौकटीत बसते: नर भडक, मादी साधी. अशा फरकाचे नेहमीचे स्पष्टीकरण आपल्याला ठाऊक असते. माद्या झळाळते नर निवडतात, म्हणून नरांमध्ये पिढ्यानपिढ्या रंग वाढत जातो. अंड्यांवर बसणाऱ्या मादीला मात्र लपून राहणे फायद्याचे असते, म्हणून ती साधी राहते. पिल्लांच्या बाबतीतही आपली अपेक्षा ठरलेली असते. बहुतेक पक्ष्यांमध्ये, विशेषतः नर-मादी वेगळे दिसणाऱ्या जातींमध्ये, पिल्ले आईसारखी साधी दिसतात आणि नर पिल्लांना रंग नंतर चढतो. आपल्या जांभळ्या शिंजिराची नर पिल्ले आधी मादीसारखी पिवळट दिसतात, हे आपण पाहतो.

जॅकोबिनमध्ये हा क्रम उलटा आहे. त्याची जवळपास सगळी कोवळी पिल्ले, नर असोत वा मादी, निळ्या डोक्याची आणि पांढऱ्या शेपटीची, म्हणजे नरासारखी असतात. पुढे वाढताना बहुसंख्य माद्या हे भडक रूप टाकून खवलेदार, हिरवट रूप घेतात. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या माद्या मात्र ते टाकत नाहीत आणि आयुष्यभर नरासारख्या दिसतात. संग्रहालयांतल्या नमुन्यांवरून अशा माद्या असतात हे पक्षीशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते, पण त्यांचे प्रमाण किती आणि कारण काय, याचा उलगडा अलीकडे झाला.

हे काम पनामात झाले. पनामा कालव्याच्या काठावर गांबोआ नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या शेजारीच सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानाचे दमट अरण्य आहे आणि त्या परिसरात स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेचे काम अनेक दशके चालू आहे. तिथे जे फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॅकोबिन जाळीत पकडले आणि प्रत्येकाचे लिंग रंगावरून न ठरवता रक्ताच्या नमुन्यातील डीएनएवरून ठरवले. हा टप्पा महत्त्वाचा होता, कारण नर आणि नरासारखी मादी यांच्यातला भेद डोळ्यांवर विसंबून पक्का करता येत नाही. २०२१ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यांच्यासमोर दोन शक्यता होत्या. पहिली अशी, की नरांना भडक माद्या अधिक आवडतात आणि म्हणून असे रूप टिकले आहे. दुसरी अशी, की भडक रूपाचा जोडीदार निवडण्याशी संबंध नाही. त्याचा उपयोग रोजच्या जगण्यातल्या मारामारीत होतो. पहिल्या शक्यतेत एक अडचण सुरुवातीलाच होती. जोडीदाराला आकर्षित करणे हा हेतू असता, तर भडक रूप प्रजननाच्या वयात यायला हवे होते. इथे तर ते पिल्लांमध्ये सर्वाधिक आढळते आणि प्रजननाचे वय आल्यावर बहुतेक माद्या ते सोडतात.

संशोधकांनी पेंढा भरलेले जॅकोबिन साखरपाण्याच्या भांड्यांवर मांडले: एक नर, एक साधी मादी, एक नरासारखी मादी, यांच्या जोड्या करून. मग जिवंत पक्षी त्यांच्याशी कसे वागतात हे पाहिले. नरांनी समागमाचा प्रयत्न करण्यासाठी साध्या रूपाच्या माद्यांना पसंती दिली; नरासारख्या माद्यांकडे त्यांचा असा ओढा दिसला नाही. त्यामुळे पहिली शक्यता मागे पडली. पाठलाग, टोचे आणि हुसकावणे यांचा मारही साध्या रूपावर जास्त पडला. यानंतर त्यांनी जिवंत पक्ष्यांना सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खुणा लावल्या आणि साखरपाण्याच्या भांड्यांवर त्या वाचणारी यंत्रे बसवली. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, तेच आरएफआयडी तंत्र इथे वापरले गेले. कोणता पक्षी किती वेळा आला आणि किती वेळ पीत राहिला, याची आपोआप नोंद होत गेली. नरासारख्या माद्यांना साध्या माद्यांपेक्षा अन्नावर अधिक वेळ राहता येते, असे त्यातून दिसले.

अन्नावरचे काही क्षण एवढे मोलाचे का, हे समजण्यासाठी हमिंगबर्डच्या शरीराचा हिशोब ध्यानात घ्यावा लागतो. हवेत एका जागी तरंगत राहणे हा उडण्याचा अत्यंत खर्चिक प्रकार आहे. इतर बहुतेक पक्ष्यांना पंख खाली मारताना उचल मिळते. हमिंगबर्ड पंख वर नेतानाही तो उलटा फिरवून उचल मिळवतो. यासाठी छातीचे स्नायू अखंड काम करतात आणि त्यांना साखर सतत लागते. फुलात मकरंद थोडासाच असतो आणि एकदा पिऊन झाल्यावर तो पुन्हा भरायला वेळ लागतो. त्यामुळे बहरलेले एखादे झाड ही लढण्याजोगी मालमत्ता ठरते. तिथे सात-आठ ग्रॅमचा, शेपटी पसरून अंगावर धावून येणारा नर असेल, तर साध्या रूपाच्या मादीला वारंवार माघार घ्यावी लागते, आणि प्रत्येक माघारीत तिची ऊर्जा जाते. निळे डोके पाहून दुसरा पक्षी तिच्या वाटेला जाण्याआधी थबकत असेल, तर ते थबकणेच तिच्या पदरात पडलेले अन्न असते. कोवळ्या पिल्लांना तर ही ढाल सर्वांत जास्त हवी असते, कारण ती नुकतीच स्वतः अन्न शोधू लागलेली असतात.

मग पुढचा प्रश्न येतो. नरासारख्या माद्या खरोखरच नरांइतक्या ताकदवान असतात का? फॉक यांच्या गटाने २०२२ मध्ये याचेही उत्तर दिले. शरीराची मापे, उडण्याची क्षमता आणि वागणूक या सर्वांत दोन्ही प्रकारच्या माद्यांमध्ये फारसा फरक आढळला नाही. नर मात्र दोघींपेक्षा भांडणात वरचढ ठरतील असे होते. म्हणजे नरासारखी मादी ही नराइतकी बलवान मादी नसून ती नराची नक्कल आहे. विषारी सापासारखे पट्टे बिनविषारी सापाने मिरवावेत, तशी नक्कल एका जातीत दुसऱ्या जातीची होते हे आपल्याला परिचित आहे. इथे ती एकाच जातीत, मादीने नराची केलेली आहे.

नकलेचा फायदा जर इतका उघड असेल, तर सगळ्याच माद्या नरासारख्या का राहत नाहीत? नक्कल चालते ती अस्सल पुष्कळ आणि नकली थोडे असतात तोवर. निळ्या डोक्याचा पक्षी बहुतेक वेळा खरोखर नरच निघतो, म्हणून इतर पक्षी त्याला बिचकतात. नकली पक्ष्यांची संख्या वाढत गेली, तर निळ्या डोक्याला न घाबरताही भागते हे इतरांच्या अनुभवास येईल आणि त्या रंगाचा दरारा ओसरेल. अशा वेळी साध्या रूपाला पुन्हा महत्त्व येते. एखाद्या रूपाचा फायदा त्या रूपाच्या संख्येवर अवलंबून असतो, तेव्हा दोन्ही रूपे लोकसंख्येत टिकून राहू शकतात. उत्क्रांतीच्या अभ्यासात याला वारंवारतेवर अवलंबून असलेली निवड म्हणतात, आणि जॅकोबिनच्या माद्या हे तिचे समजायला सोपे उदाहरण ठरावे. नरासारख्या माद्या इतर अनेक हमिंगबर्ड जातींतही आढळतात, मात्र सगळीकडे कारण हेच असेल असे मानण्याची घाई करू नये.

या जातीचा वंशही लक्षात घेण्याजोगा आहे. हमिंगबर्ड आणि पाकोळ्या यांचा पूर्वज एकच होता. आजचे हमिंगबर्ड फक्त अमेरिकेत असले, तरी त्यांच्या घराण्यातले सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जर्मनीत सापडले आहेत. आज जिवंत असलेल्या सर्व हमिंगबर्डच्या शाखा मात्र सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत फुटू लागल्या, आणि त्या वंशवृक्षात सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा जॅकोबिन व टोपाझ यांची आहे. या शाखेत आज केवळ चार जाती उरल्या आहेत: टोपाझच्या दोन आणि जॅकोबिनच्या दोन. जॅकोबिनची दुसरी जात म्हणजे काळा जॅकोबिन. तो प्रामुख्याने ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक अरण्यात राहतो, अंगाने बहुतांशी काळा आणि शेपटीच्या बाजूंनी पांढरा असतो. त्याच्यात नर आणि मादी सारखेच दिसतात. तो १० किलोहर्ट्झहून उंच स्वरात ओरडतो, जो स्वर बहुतेक पक्ष्यांच्या ज्ञात श्रवणमर्यादेपलीकडचा आहे. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले.

युरोपीय अभ्यासकांना पांढऱ्या मानेच्या जॅकोबिनची ओळख सूरिनाममधून आलेल्या नमुन्यामुळे झाली. १७४३ मध्ये जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने त्याचे चित्र आणि वर्णन प्रसिद्ध केले आणि १७५८ मध्ये कार्ल लिनियस यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. त्या काळी सगळे हमिंगबर्ड एकाच प्रजातीनामाखाली ठेवले जात. फ्लोरिसुगा हे वेगळे प्रजातीनाम फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ शार्ल ल्युसियाँ बोनापार्त यांनी १८५० मध्ये दिले.

या जातीच्या दोन उपजाती मानल्या जातात. उपजाती म्हणजे एकाच जातीचा असा गट, जो विशिष्ट भूभागात राहतो आणि आकार, रंग किंवा मापे यांत इतर भागांतल्या गटापासून ओळखण्याइतपत वेगळा असतो. एक महत्त्वाची अट अशी, की उपजाती ही भूगोलाशी बांधलेली असते. एकाच झाडावर शेजारी शेजारी दोन वेगळी रूपे दिसत असतील तर त्या दोन उपजाती नव्हेत. त्यामुळे नरासारखी मादी आणि साधी मादी यांचा फरक डोळ्यांना कितीही मोठा वाटला, तरी तो उपजातीचा फरक नाही. आणि खऱ्या दोन उपजातींमधला फरक मात्र डोळ्यांना फारसा जाणवत नाही.

पहिली उपजाती फ्लोरिसुगा मेलिव्होरा मेलिव्होरा. जातीचे आणि उपजातीचे नाव एकच असले की ती मूळ वर्णन झालेली उपजाती समजावी. मेक्सिकोपासून बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंतचा सगळा खंडभाग आणि त्रिनिदाद बेट हे तिचे क्षेत्र आहे. दुसरी फ्लोरिसुगा मेलिव्होरा फ्लॅबेलिफेरा, जिचे नामकरण जॉन गूल्ड यांनी १८४६ मध्ये केले. ती केवळ टोबॅगो बेटावर आढळते आणि खंडावरच्या उपजातीपेक्षा आकाराने मोठी असते. रंगांची मांडणी जवळपास तीच आहे.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा एकच देश आहे, दोन्ही बेटे नकाशावर शेजारी दिसतात, तरी त्यांवरच्या पक्ष्यांची उपजाती वेगळी आहे. यामागे भूगोल आहे. त्रिनिदाद हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सर्वांत जवळच्या ठिकाणी अवघ्या ११ किलोमीटरवर आहे आणि हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेलेली असताना ते खंडाला जोडलेले होते. म्हणून त्याचे पशुपक्षी बहुतांशी दक्षिण अमेरिकेचेच आहेत. टोबॅगो हे त्रिनिदादच्या ईशान्येला तीसहून अधिक किलोमीटरवर, सुमारे ३०० चौरस किलोमीटरचे छोटे बेट आहे. उघड्या समुद्रामुळे पक्ष्यांची ये-जा कमी झाली की बेटावरचा गट स्वतःच्या वाटेने बदलू लागतो, आणि बेटांवर शरीराचे आकारमान बदलणे हे अनेक प्राण्यांत दिसते.

टोबॅगोच्या मधोमध डोंगरांची एक रांग आहे आणि तिच्यावरचे अरण्य १७७६ मध्ये कायद्याने राखून ठेवण्यात आले. पाऊस टिकावा, हे त्यामागचे कारण होते. बेटाचा बाकी भाग ऊसमळ्यांसाठी उघडा होत असताना हे रान त्यामुळे वाचले. पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुन्या राखीव वनांमध्ये त्याची गणना होते. १९६३ मध्ये फ्लोरा चक्रीवादळाने या अरण्याची मोठी नासधूस केली. पांढऱ्या शेपटीच्या सेबरविंग या दुसऱ्या हमिंगबर्डची टोबॅगोवरची संख्या इतकी घटली, की काही वर्षे तो तिथून नाहीसा झाल्यासारखा वाटत होता. एका बेटापुरत्या उरलेल्या उपजातीची काळजी मला वाटते ती म्हणूनच. खंडावरच्या पक्ष्यांना दुसऱ्या खोऱ्यात सरकता येते, बेटावरच्यांना तशी मोकळीक नसते.

अधिवासाबद्दल सांगायचे तर या पक्ष्याला दमटपणा हवा. कोस्टा रिकात तो कॅरिबियन बाजूच्या आणि पॅसिफिक बाजूच्या दक्षिणेकडील ओल्या रानांत आढळतो, पण देशाच्या कोरड्या वायव्य भागात सहसा दिसत नाही. उंचीने पाहिले तर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरपर्यंत तो नेहमीचा असतो आणि काही ठिकाणी दीड हजार मीटरच्या आसपासही पोहोचतो. अँडीजच्या थंड, उंच रानांत इतर हमिंगबर्डचे राज्य असते.

नकाशावरच्या क्षेत्राइतकेच महत्त्व रानातल्या उभ्या थरांना आहे. जॅकोबिन हा मुख्यतः झाडांच्या शेंड्यांवरचा पक्षी आहे. उष्णकटिबंधीय अरण्यात जमिनीजवळ अंधार असतो आणि फुले विरळ असतात. फुलोऱ्याचा मोठा भाग वर, उन्हात असतो. उंच वृक्षांची फुले, त्यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या वनस्पतींची फुले, वेलींचे झुबके यांवर तो चरतो. त्यामुळे घनदाट रानाच्या तळाशी उभे राहून त्याला शोधणारा माणूस निराश होतो. रानाची कड, नदीकाठ, कोसळलेल्या झाडामुळे पडलेले मोकळे ठिकाण, वाढलेले दुय्यम रान, सावलीची झाडे राखलेले कॉफी आणि कोकोचे मळे अशा ठिकाणी मात्र उन्हाचा थर खाली उतरतो आणि त्याच्यासोबत जॅकोबिनही खाली येतो. हेलिकोनियासारख्या, केळीच्या जवळच्या वनस्पतींच्या फुलांवर तो तिथे माणसाच्या उंचीवर दिसतो.

त्याची मध्यम लांबीची सरळ चोच हीही या वावराशी सुसंगत आहे. रानाच्या तळाशी राहणाऱ्या हर्मिट गटातील हमिंगबर्डच्या चोची लांब आणि वाकड्या असतात व त्या ठरावीक वाकड्या फुलांशी जुळतात. जॅकोबिन तसा एकाच फुलाला बांधलेला नाही. बहर जिकडे, तिकडे तो जातो, आणि काही भागांत तो वर्षातले काही महिने दिसतच नाही. मकरंदातून साखर मिळते, प्रथिने मिळत नाहीत. ती तो किड्यांतून मिळवतो. रानाच्या कडेला किंवा ओढ्यावर हवेत तरंगत, इकडे तिकडे झेपा घेत उडते बारीक कीटक टिपताना तो हमखास आढळतो, आणि अशा वेळी पाकोळीशी असलेले त्याचे नाते लक्षात येते.

घरटे बांधणे, अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे हे सारे काम मादी एकटी करते. घरटे ती रुंद पानाच्या, बहुधा ताडवर्गीय झाडाच्या पानाच्या, वरच्या पृष्ठभागावर बांधते. जमिनीपासून साधारण १ ते ३ मीटर उंचीवर असे पान निवडते, ज्याच्या वर दुसरे पान छपरासारखे आलेले असेल. वनस्पतींचा मऊ कापूस कोळ्याच्या जाळ्याने बांधून तयार केलेली ती उथळ वाटी असते आणि तिच्यात दोन अंडी असतात. आपल्याकडची ताडपाकोळी ताडाच्या पानाच्या खालच्या बाजूला लाळेने घरटे चिकटवते. जॅकोबिन वरची बाजू घेतो आणि पावसापासूनचा आसरा दुसऱ्या पानाकडून मिळवतो. घरट्याजवळ कुणी आले तर मादी फडफडत, विचित्र डळमळीत उड्डाण करून त्याचे लक्ष दुसरीकडे वेधू पाहते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात तूर्तास चिंता नसलेल्या गटात आहे. विस्तृत क्षेत्र आणि मानवी वस्तीच्या कडेने जमवून घेण्याची क्षमता ही त्याची कारणे आहेत. हमिंगबर्डचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटीस कराराखाली नियंत्रित आहे. एकोणिसाव्या शतकात टोप्या आणि दागिने सजवण्यासाठी हमिंगबर्डची कातडी मोठ्या प्रमाणावर युरोपात गेली होती, हा इतिहास पाहता ते आवश्यकही आहे. सखल भागातली अरण्ये तुटत आहेत आणि सावलीचे जुने मळे उघड्या उन्हातल्या लागवडीत बदलत आहेत, या दोन गोष्टींचा शेंड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांवर परिणाम होतोच.

परदेशात राहणारे किंवा प्रवासाला जाणारे अनेक मराठी पक्षीनिरीक्षक आता आपल्या नोंदी ई-बर्डसारख्या व्यासपीठांवर टाकतात. त्यांच्यासाठी यातून एक व्यवहारी सूचना निघते. निळ्या डोक्याचा, पांढऱ्या शेपटीचा जॅकोबिन दिसला तर ‘नर’ असे न लिहिता ‘नरासारखे रूप’ असे लिहावे. गालावर तांबूस पट्टा आहे का ते पाहून वयाची नोंद करावी. आणि भांडण पाहायला मिळाले तर कोणत्या रूपाच्या पक्ष्याने कोणाला हुसकावले तेही टिपावे. खवलेदार गळ्याच्या प्रौढ पक्ष्यापुढे ‘मादी’ लिहिता येते. निळ्या डोक्याचा पक्षी घरट्यात अंड्यांवर बसलेला आढळला, तर त्याच्यापुढेही ‘मादी’ असेच लिहावे, कारण जॅकोबिनचा नर घरट्यावर बसत नाही.